रात्रीचें छायाचित्र आणि शेजारचें अंगण

या सदरांत आम्ही बहुधा अशाच वस्तूंविषयीं चार शब्द लिहीत आलों आहों कीं, ज्या आपल्या उंबरठ्याच्या आंत येऊन बसल्या आहेत, परंतु ज्यांच्याशीं कसें वागावें हें आपण अद्याप ठरविलेलें नाहीं. ड्रोन ही अशीच एक वस्तु आहे. चार पंख्यांचें हें उडतें यंत्र लग्नमंडपावर घिरट्या घालतांना आतां सर्वांनींच पाहिलें आहे. शेतांत औषध फवारतांनाहि पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु सुशिक्षित घरांतील एखादा मुलगा आपल्या पगारांतून तें विकत घेतो आणि पहिल्याच सुट्टींत रात्रीं उडवूं पाहतो, तेव्हां काय घडतें, हें आमच्याच घरीं घडलेल्या गोष्टीवरून आज सांगावयाचें आहे. गोष्ट आमच्या चुकीची आहे. म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

आमचें मूळ गांव कृष्णाकाठचें. दगडी घाट, वर देऊळ, देवळासमोर दीपमाळ, आणि घाटाला लागूनच आमचा जुना वाडा. सन २०२४ च्या त्रिपुरी पौर्णिमेस आम्ही सहकुटुंब तेथें गेलों होतों. बरोबर आमचा भाचा होता. पुण्यास नोकरी करणारा चोवीस वर्षांचा हा मुलगा हुशार आणि मनानें चांगला. उतावळेपणा मात्र वयाला शोभेल इतका. त्यानें अडीचशें ग्रॅमहून किंचित् कमी वजनाचा एक ड्रोन बरोबर आणला होता. "मामा, घाटावरच्या पणत्या वरून कशा दिसतात तें आज तुम्हांला दाखवितों," असें तो दुपारपासून म्हणत होता. आम्हांसहि त्याचें कौतुकच वाटलें. रात्रीं साडेआठच्या सुमारास, पणत्या ऐन भरांत असतां, त्यानें वाड्याच्या गच्चीवरून यंत्र वर सोडलें.

पहिलीं सातआठ मिनिटें बरीं गेलीं. यंत्र नदीवर जाऊन आलें; परंतु परततांना त्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें भाच्यास कळेनासें झालें. काळ्या आकाशांत एक ठिपका. तो जवळ येतो आहे कीं दूर जातो आहे हें डोळ्यांना सांगतां येईना. यंत्राचें तोंड आपल्याकडे झालें म्हणजे डावें उजवें उलट होतें. दिवसां हें सहज उमगतें. रात्रीं माणूस गोंधळतो. चुकत माकत तें शेजारच्या काकूंच्या परसावर आलें आणि तेथेंच घोंघावत राहिलें. भाच्यानें घाईनें कळ दाबली ती उलट्या बाजूस. यंत्र चिंचेच्या फांदीस लागलें आणि खालीं तुळशीवृंदावनाजवळ कोसळलें. वृंदावनाभोंवतीं तुळशीच्या लग्नाचा उसाचा मांडव अजून उभा होता, आणि एक्याऐंशी वर्षांच्या काकू तेथें एकट्याच बसून त्रिपुरवात लावीत होत्या. यंत्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडलें. त्याचा एक पंखा मोडला. मांडवाचा एक ऊसहि.

आम्ही धांवत गेलों. काकूंना लागलें नव्हतें, पण त्यांचे हात थरथरत होते. त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. "मला वाटलं, ते आले," एवढेंच त्या म्हणाल्या. हे 'ते' कोण, तें वाचकांस आठवत असेल. त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत पुणें, बीड, छत्रपती संभाजीनगर इत्यादि जिल्ह्यांतील अनेक गांवांत रात्रीं आकाशांत ड्रोन फिरत असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या. चोर वरून घरें हेरतात अशा समजुतीनें ठिकठिकाणीं लोक रात्र रात्र पहारा देत होते. त्या वार्ता आमच्या गांवींहि पोंचल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईच्या डोक्यावर काळोखांत यंत्र घोंघावूं लागलें, तर तिनें दुसरें काय समजावें?

मोडलेल्या यंत्रांतील चित्रें त्याच रात्रीं भाच्यानें संगणकावर काढून पाहिलीं. एकहि धड नव्हतें. पणत्यांच्या जागीं पांढरे फटफटीत डाग. भोंवतालचा घाट काळा. आणि त्या काळेपणावर तांबड्या-निळ्या कणांची रांगोळी विस्कटावी तसा कचरा. कांहीं चित्रांत प्रत्येक दिव्याला शेपूट फुटलें होतें. चित्र मिळालें नाहीं आणि शेजारीण भ्याली, असें दुहेरी नुकसान पदरांत पडलें. पुढें वर्षभर विचार करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, हीं दोन नुकसानें निराळीं नव्हतीं. रात्रीं करावयाच्या कामाची तयारी दिवसां केली नव्हती, हेंच दोहोंचें मूळ.

प्रथम चित्राचें पाहूं. पौर्णिमेचें चांदणें आपल्याला लख्ख वाटतें, कारण आपला डोळा अंधाराला सरावतो. यंत्राचा डोळा असा मनाची समजूत घालून घेत नाहीं. सूर्य हा पौर्णिमेच्या चंद्राहून सुमारें चार लक्ष पट तेजस्वी आहे. भर उन्हांत जें दृश्य कॅमेरा एका सेकंदाच्या सहस्रांश भागांत टिपतो, तेंच दृश्य त्याच भिंगानें आणि त्याच संवेदनशीलतेनें चांदण्यांत टिपावयाचें, तर चारशें सेकंद, म्हणजे जवळ जवळ सात मिनिटें, कॅमेरा उघडा ठेवावा लागेल. जमिनीवर तिवईवर कॅमेरा ठेवून हें साधतें. आकाशांत वाऱ्यावर तरंगणाऱ्या यंत्राला सात मिनिटें सोडाच, सात सेकंद निश्चळ राहणेंहि कठीण. कॅमेरा ज्या छोट्या झुल्यावर टांगलेला असतो तो झुला यंत्राचें हेलकावणें व कलणें सांवरतो. परंतु सगळें यंत्रच वाऱ्यानें वीतभर सरकलें तर झुला काय करणार? दिव्यांना फुटलेलीं शेपटें तीं हींच.

दुसरा उपाय संवेदनशीलता वाढविण्याचा. आयएसओचा आंकडा १०० वरून १६०० वर नेला कीं चित्र सोळापट उजळतें. परंतु यानें प्रकाश अधिक मिळत नाहीं. जो थोडा मिळाला तोच मोठा करून दाखविला जातो. प्रकाश हा कणाकणांनीं येतो, पावसाच्या थेंबांसारखा. अंगणांत शंभर वाट्या मांडल्या आणि मुसळधार पाऊस झाला, तर सर्व वाट्यांत पाणी जवळपास सारखें सांठेल. चारच शिंतोडे पडले, तर एका वाटींत तीन थेंब, दुसरींत एक, तिसरी कोरडी. अंधारांतल्या चित्रावर जे कण दिसतात ते बव्हंशीं या विषमपणाचेच. प्रकाश चौपट मिळाला तर हा दोष प्रमाणानें निम्मा होतो, नऊपट मिळाला तर एकतृतीयांश. वाटी मोठी असेल तर तिच्यांत थेंब अधिक पडतील, हें उघड आहे. आणि येथेंच छोट्या ड्रोनचें दैन्य कळतें. पुष्कळ लहान ड्रोनांतील चित्रग्राही पट्टिका अवघी ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद असते. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळानें सुमारें तीसपट मोठी. आमच्या भाच्यानें चमचा घेऊन पावसाचें पाणी भरावयास जावें, तसें केलें होतें.

या अडचणीशीं झगडणारा तो कांहीं पहिला नव्हे. आकाशांतून छायाचित्र प्रथम काढलें तें फ्रान्समध्यें नादार या नांवानें प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकारानें, सन १८५८ त, पॅरिसजवळ, विमानांतून नव्हे तर दोरानें बांधलेल्या वायुयानांतून, म्हणजे बलूनमधून. त्याचें तें चित्र आज उपलब्ध नाहीं. जें सर्वांत जुनें टिकून राहिलें आहे तें जेम्स वॉलेस ब्लॅक यानें १८६० त अमेरिकेंतील बॉस्टन शहराचें बलूनमधूनच घेतलें. हीं दोन्हीं चित्रें दिवसाचीं. रात्र जिंकावयास आणखी पासष्ट वर्षें लागलीं. २० नोव्हेंबर १९२५ च्या रात्रीं जॉर्ज गोडार्ड या अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्यानें रॉचेस्टर शहरावर विमानांतून झगझगीत प्रकाश देणाऱ्या दारूचा एक मोठा बाँब सोडला, आणि त्याच्या क्षणिक उजेडांत खालचें शहर टिपलें. पुढें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांतील प्राध्यापक हॅरल्ड एजर्टन यांनीं विजेचा प्रचंड लखलखाट करणारा दिवा तयार केला. त्याची एक परीक्षा १९४४ त इंग्लंडांतील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळावर रात्रीं विमानांतून चित्र घेऊन झाली, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांतील नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळीं शत्रूच्या रात्रीच्या हालचाली टिपण्यास तो उपयोगीं पडला.

गोडार्ड आणि एजर्टन यांनीं आपला उजेड आपल्याबरोबर नेला. झोपलेलें शहर दचकून उठेल याची पर्वा पहिल्यास फारशी करावी लागली नाहीं, आणि दुसऱ्याचें काम तर युद्धाचेंच होतें. आपल्याला तसें करतां येत नाहीं व करूंहि नये. खालीं जो उजेड आहे तेवढ्यावरच आपलें भागलें पाहिजे. मग शहाणपण कशांत? उजेड वाढवितां येत नसेल तर वेळ निवडावी यांत.

ही वेळ म्हणजे संधिप्रकाश. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखालीं सहा अंश जाईपर्यंतच्या काळास शास्त्रांत नागरी संधिप्रकाश म्हणतात. आपल्या महाराष्ट्रांत कार्तिकाच्या सुमारास हा काळ अवघा बावीस-तेवीस मिनिटांचा असतो. आपण ज्याला दिवेलागण म्हणतों ती हीच वेळ. या वेळीं आकाशांत निळा उजेड इतका असतो कीं घाटाचे दगड, झाडांचे शेंडे, पाण्याचा पृष्ठभाग यांना आकार असतो; आणि अंधारहि इतका असतो कीं पणती पणतीसारखी दिसते. उजेड व दिवे यांची ही बरोबरी फार थोडा वेळ टिकते. त्यानंतर दिवे तेवढे उरतात. आपण ज्यांना 'रात्रीचीं' म्हणून वाखाणतों, अशीं अनेक सुंदर चित्रें वस्तुतः रात्रीचीं नसून दिवेलागणीचीं असतात. त्रिपुरी पौर्णिमेस तर दुग्धशर्करायोग. सूर्य पश्चिमेस मावळतो त्याच सुमारास पूर्वेस चंद्र वर येतो.

आतां यंत्राच्या आंधळेपणाविषयीं. दिवसां छोटा ड्रोन हवेंत एका जागीं खिळल्यासारखा उभा राहतो, तो केवळ उपग्रहांच्या संकेतांवर नव्हे. त्याच्या पोटाखालीं लहान कॅमेरे असतात. ते खालची जमीन पाहत राहतात आणि ती सरकली असें दिसतांच यंत्राला मागें आणतात. कांहींना पुढेंहि असे डोळे असतात. झाड किंवा भिंत आली तर तें थांबतें. या डोळ्यांना उजेड लागतो. कित्येक ड्रोनांच्या माहितीपुस्तकांत त्यासाठीं पंधरा लक्सहून अधिक प्रकाश असावा असें स्पष्ट लिहिलेलें असतें. पौर्णिमेचें चांदणें एक लक्सहि भरत नाहीं. म्हणजे रात्रीं हे डोळे मिटलेले समजावयाचे. शांत पाण्यावर तर ते दिवसांहि फसतात, कारण पाण्याला धरून ठेवण्यासारखी खूण नसते. कांहीं नव्या यंत्रांत प्रकाशशलाकेनें अंतर मोजण्याची सोय आली आहे. परंतु विजेची तार, पतंगाचा मांजा, झाडाची वाळकी डहाळी यांच्या बाबतींत अजूनहि कोणत्याहि यंत्रावर विसंबूं नये. आमच्या भाच्यास वाटलें होतें कीं, अडथळा आला तर यंत्र आपोआप थांबेल. दिवसां कदाचित् थांबलें असतें.

सन २०२५ ची त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली तेव्हां भाचा पुन्हां म्हणाला, "मामा, या वेळीं नीट करूं." आम्हीं एकच अट घातली: जें करावयाचें तें सारें उजेडीं ठरवावें. तो पौर्णिमेच्या दोन दिवस आधींच गांवीं गेला. सकाळीं त्यानें घाट पायीं पालथा घातला. विजेच्या तारा कोठून कोठें गेल्या आहेत, उंच झाडें कोणतीं, देवळाचा कळस किती वर जातो, हें एका कागदावर काढलें. गच्चीवरून उडविण्याचा नाद सोडून पलीकडचें वाळवंट निवडलें. तेथून घाट समोर दिसतो आणि यंत्राच्या वाटेंत एकहि घर येत नाहीं. दुपारीं एकदां उजेडांत उडवून ज्या जागीं उभें राहून चित्र घ्यावयाचें ती जागा व उंची ठरविली. आपोआप परत येण्याची जी उंची यंत्रास सांगून ठेवतां येते, ती सर्वांत उंच झाडाहून बरीच वर ठेवली. यंत्राच्या पाठीवर लुकलुकणारा एक दिवा बसविला. अमेरिकेंत २१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें रात्रीं उडविणाऱ्यानें तीन मैलांवरून दिसेल असा दिवा लावावाच लागतो. आपला दिवा तितका प्रखर नसला, तरी त्यामुळें यंत्र कोठें आहे हें आपल्यालाहि दिसतें आणि खालच्या माणसालाहि. लपून येणारा दिवा लावून येत नाहीं, हें कोणासहि कळतें.

कायद्याचें कामहि त्यानें दिवसांच उरकलें. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्यें ड्रोनविषयक नियम प्रसिद्ध झाले. त्यांत आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन विभाग केले आहेत, आणि ते सरकारी नकाशावर पाहतां येतात. हिरव्या विभागांत साधारणतः १२० मीटर, म्हणजे चारशें फूट उंचीपर्यंत उडवितां येतें. पिवळ्यांत विमानवाहतूक-नियंत्रकांची परवानगी लागते. तांबड्यांत केंद्र सरकारची. विमानतळाच्या आसपास मर्यादा आणखी कडक होतात. अडीचशें ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास त्या नियमांनीं चालकाच्या परवान्याची अट ठेवली नाहीं. पण चालकाचा परवाना नको, याचा अर्थ कोठेंहि, केव्हांहि उडवावें असा नव्हे. शिवाय सणावारीं, निवडणुकींत किंवा बंदोबस्ताच्या दिवसांत स्थानिक अधिकारी तात्पुरती मनाई करतात. ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत छापून येते आणि पुष्कळांच्या दृष्टीसहि पडत नाहीं. म्हणून नकाशा पाहून झाला तरी पोलीस-ठाण्यांत जाऊन वेळ, जागा व हेतु सांगावा हें इष्ट. भाचा गेला, लेखी अर्ज दिला, आणि होकार घेऊन आला.

यानंतरचें काम सर्वांत अवघड होतें. तो काकूंकडे गेला. आम्ही बरोबर गेलों नाहीं, मुद्दामच. पुढें त्यानेंच आम्हांस सांगितलें. त्यानें प्रथम नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, गेल्या वर्षीं माझ्यामुळं तुम्हांला त्रास झाला. यंदा पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळीं मी नदीपलीकडून तें यंत्र उडविणार आहे. तुमच्या घरावर येणार नाहीं. तांबडा दिवा लुकलुकेल, तो माझा. तुम्ही नको म्हणालांत तर नाहीं उडविणार." काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनीं विचारलें, "घाट दिसतो का रे त्यांत?" भाचा म्हणाला, दिसतो. तेव्हां कळलें कीं, गुडघ्यांमुळें काकू सहा वर्षें घाटाच्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या. घरापासून पन्नास पावलांवर घाट. सहा वर्षें त्रिपुर त्यांनीं आपल्या तुळशीपुढेंच पाजळला होता. देवळांतहि त्या दिवशीं पुजाऱ्यांकडून सर्वांस सांगविलें कीं, अमुक वेळीं अमक्याचा भाचा यंत्र उडविणार आहे, कोणी भिऊं नये.

पौर्णिमेस सूर्य मावळतांच यंत्र वर गेलें. वारा पडला होता. भाच्यानें चित्रें घेतलीं तीं अर्ध्या ते एक सेकंदाचीं; आयएसओ ४०० च्या वर नेलें नाहीं. एकाच जागेवरून तीच चौकट त्यानें नऊ वेळां टिपली. वर सांगितलेली वाट्यांची उपमा वाचकांच्या ध्यानांत असेल: नऊ चित्रें संगणकावर एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली म्हणजे कणांचा कचरा तृतीयांशावर येतो. जें एका लांब उघड्या डोळ्यानें आकाशांत साधत नाहीं, तें नऊ छोट्या दृष्टिक्षेपांनीं साधतें. त्याखेरीज पणत्यांच्या ज्योतींसाठीं कांहीं चित्रें मुद्दाम काळोखीं घेतलीं. कारण दगड दिसावा एवढा वेळ दिला कीं ज्योत पांढरी होऊन जाते. पुढें दोहोंचा मेळ घातला. यंत्रानें आपल्या मतें सुधारून दिलेलें चित्र न घेतां कच्चें चित्र सांठविलें, म्हणजे रंग मागाहून शांतपणें ठरवितां येतात. पणतीचा पिवळा, विजेच्या नव्या दिव्यांचा पांढरा आणि आकाशाचा निळा हे तिन्ही एका चित्रांत आले म्हणजे यंत्राला कोणता पांढरा मानावा हें समजत नाहीं. अठराव्या मिनिटास यंत्र वाळूवर उतरलें. बॅटरी अजून बरीच उरली होती. "अजून एक फेरी?" असें कोणीसें म्हटलें. भाचा म्हणाला, "नको, उजेड संपला."

चित्र आमच्या पुण्याच्या घरीं बैठकींत टांगलें आहे. घाटाच्या पायऱ्या वरून पाहतां जरीच्या कांठासारख्या दिसतात, दीपमाळेची सांवली पाण्यांत उभी आहे, आणि पात्रांत सोडलेल्या द्रोणांतील दिव्यांची एक वांकडी ओळ प्रवाहाबरोबर खालीं गेली आहे. चित्र उत्तम आहे, असें जाणते म्हणतात. आम्हांस त्याचें मोल निराळ्या कारणानें वाटतें. एका रात्रीं ज्या मुलाला यंत्र कोणत्या दिशेस तोंड करून आहे हें कळलें नव्हतें, त्यानें वर्षभरांत स्वतःचें तोंड योग्य दिशेस वळविलें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हें यंत्र आलें असेल किंवा लौकरच येईल. मुलांस तें वापरूं देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. उंचावरून आपलें गांव पाहण्याची हौस निर्मळ आहे. परंतु दिवसां आकाश जितकें सर्वांचें असतें, तितकें रात्रीं राहत नाहीं. रात्रीं प्रत्येक घर आपापल्या छपराखालीं निर्धास्त झालेलें असतें. गच्चीवर कोणी झोपलेलें असतें, अंगणांत कोणी एकटें बसलेलें असतें. त्या निर्धास्तपणावरून आपलें यंत्र न्यावयाचें, तर आधीं उजेडीं जाऊन विचारलें पाहिजे. वडीलधाऱ्यांनीं मुलाला यंत्राच्या किंमतीविषयीं चार प्रश्न विचारण्याऐवजीं एकच विचारावा: खालीं कोण राहतें, आणि त्यांना तूं सांगितलेंस का?

चित्राची एक मोठी प्रत भाच्यानें काकूंना नेऊन दिली. त्यांनीं चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. एकेक पायरी बोटानें मोजली, आणि आपण माहेरून प्रथम आलों तेव्हां नांव कोठें लागली होती ती जागा दाखविली. मग कागदाच्या कडेपर्यंत बोट नेऊन त्या म्हणाल्या, "आणि माझं अंगण रे?"

"तें मुद्दाम सोडलं, काकू. तुम्हांला विचारलं नव्हतं."

काकूंनीं चित्र घडी न पडेल अशा बेतानें देव्हाऱ्याशेजारीं उभें केलें. "पुढच्या वर्षीं घे," त्या म्हणाल्या. "मी वृंदावनापाशीं दिवा लावून बसेन."